रिकाम्या तलावातले मास्तर

मास्तरांनी आयुष्यभर एकच काम केलं. लोकांच्या पोरांची पाण्याची भीती घालवली. शहराच्या सार्वजनिक तलावावर गळ्यात शिट्टी अडकवून ते चाळीस वर्षं उभे राहिले आणि त्या चाळीस वर्षांत काठाला घट्ट चिकटून बसलेलं एकही पोर त्यांच्यापुढे टिकलं नाही. रडणारी हसली, हसणारी पोहली, पोहणारी मोठी होऊन डॉक्टर-वकील झाली आणि रस्त्यात थांबून "मास्तर, ओळखलंत का?" म्हणून विचारू लागली. मास्तर कोणालाच ओळखत नसत, कारण अंगभर कपड्यांत त्यांनी कोणाला पाहिलेलंच नव्हतं.

असा माणूस निवृत्त होऊन मुलाच्या घरी राहायला आला आणि घरामागे पोहण्याचा तलाव निघाला. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, त्यातली गत. आधीच्या मालकाने हौसेने बांधलेला तो तलाव फार मोठा नव्हता. एका टोकाला पायऱ्या, तिथे पाणी मास्तरांच्या कमरेएवढं, मग फरशीचा उतार, आणि दुसऱ्या टोकाला डोक्यावरून हातभर. मुलगा महिन्यातले वीस दिवस कामासाठी बाहेरगावी. सून घरूनच नोकरी करायची, वरच्या खोलीत, खिडक्या लावून आणि कानांवर हेडफोन चढवून. आणि नात तीन वर्षांची. एका जागी बसणं हा प्रकार तिला माहीत नव्हता, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी.

सुनेचा त्या तलावावर पहिल्या दिवसापासून राग. तिने हट्ट धरून चारी बाजूंनी उंच जाळीचं कुंपण घालून घेतलं. फाटकाला अशी स्प्रिंग, की हात सोडला की ते आपोआप बंद व्हावं. कडी मोठ्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर. कुंपणाजवळ ठेवलेली खुर्चीसुद्धा तिने उचलून घरात नेली, पोर तिच्यावर चढेल म्हणून.

"बाबा, हे फाटक उघडं ठेवायचं नाही. दोन मिनिटंसुद्धा नाही."

"अगं पोरी," मास्तर हसले, "ज्या घरात मी आहे, त्या घरात कोण बुडणार?"

खरं सांगायचं तर मास्तरांना सगळं ठाऊक होतं. बुडणारं मूल ओरडत नाही, हातपाय आपटत नाही, गुपचूप खाली जातं. पोहता येणारं मूलही बुडतं. लहान पोर पाण्याजवळ असेल तर मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, आणि त्या माणसाने तेवढंच काम करावं. हे त्यांनी शेकडो आईबापांना बजावून सांगितलं होतं. पण नियम दुसऱ्यांच्या घरांसाठी असतात. स्वतःच्या घरात मास्तर होते ना! पट्टीचा पोहणाराच बुडतो असं जे म्हणतात ते उगाच नाही.

शिवाय त्यांनी एक खेळ काढला होता. रोज संध्याकाळी मास्तर खोल टोकाला पाण्यात उभे तरंगायचे आणि भिंगरी काठावर उभी राहायची. मास्तर दोन्ही हात वर करायचे. मग म्हणायचे, "मागे जा, अजून मागे!" आणि ती खिदळत दोन पावलं मागे जायची. मग ते घाबरल्याचं सोंग करायचे, "नको गं बाई, उडी नको, मला भीती वाटते!" यावर तर ती हसून लोटपोट. आणि मग दोघं मिळून "एक, दोन, साडेमाडे तीन!" तीनला उडी. तिचं डोकं पाण्याखाली जायच्या आत मास्तरांनी तिला झेललेलं असायचं. एकदाही चूक नाही. पोरीच्या डोळ्यांत भीतीचा मागमूस नव्हता, आणि या गोष्टीचा मास्तरांना कोण अभिमान! येणाऱ्या-जाणाऱ्याला ते करून दाखवायचे.

"थोडी भीती असू द्या हो तिला," सून काठावर हाताची घडी घालून म्हणायची.

"भीती घालणं माझं काम नाही. ते दुसरं कोणीही करेल."

मग एके दिवशी तळाच्या फरश्या सुटल्या आणि पाणी हिरवं पडायला लागलं. गवंडी म्हणाला, तलाव रिकामा करा, मग बघतो. पंपाने पाणी उपसलं. खोल टोकाला ढोपराच्या खाली येईल एवढं काळपट हिरवं पाणी तेवढं उरलं, ते पंपाला काही ओढता येईना. त्या रात्री सून कित्येक महिन्यांनी सलग झोपली. पाणीच नाही, मग भीती कसली? तीही आणि मास्तरही तसंच धरून चालले. तलाव रिकामा केला म्हणजे धोका संपला, हा हिशेब इतका सरळ होता की तो कोणी पुन्हा तपासला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंगरी जेवून झोपली. सून म्हणाली, "बाबा, दोन तासांची मीटिंग आहे, वर जाते. उठली तर बघाल ना?"

"मी आहे ना," मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडात बसलेलं होतं. आणि मग, पोर उठायला तासभर तरी आहे असं म्हणून, ते तळाचं शेवाळ घासायला निघाले. ब्रश, बादली, पाइप, फावडं, असं सगळं एकेक करून आत न्यायचं होतं. स्प्रिंगचं फाटक दर खेपेला पाठीवर आपटायचं. तिसऱ्या खेपेला मास्तर वैतागले आणि त्यांनी पाण्यात टाकायच्या औषधाचा रिकामा डबा फाटकात अडकवून ते उघडंच ठेवलं. शर्ट काढून पायऱ्यांच्या कठड्यावर टांगला, त्याच्या खिशात फोन. भिजायला नको म्हणून.

उतारावर त्यांनी तीन पावलं टाकली. चौथं पाऊल शेवाळावर पडलं आणि मास्तर पाठीवर घसरत थेट खोल टोकाला, त्या हिरव्या पाण्यात जाऊन पोचले. उजवा घोटा अंगाखाली आला. मोडल्याचा आवाज त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला.

पहिली पाच मिनिटं त्यांनी नुसते दात आवळले. मग उठायला पाहिलं, ते जमेना. मग उताराकडे सरपटायला पाहिलं. हातभर वर गेले की हातभर खाली घसरत. शेवाळावर बोटं टिकत नव्हती आणि मोडका पाय ओढला की डोळ्यांपुढे काजवे चमकत. तिन्ही बाजूंना गुळगुळीत निळ्या फरशीच्या भिंती, त्यांच्या डोक्यापेक्षा उंच. चाळीस वर्षांत मास्तरांनी तलावातून किती पोरांना हात देऊन वर काढलं असेल याची मोजदाद नाही. आता वर हात द्यायला कोणी नव्हतं.

त्यांनी हाका मारल्या. सुनेला मारल्या, शेजाऱ्यांना मारल्या. आवाज भिंतींवर आपटून त्यांच्याच अंगावर परत येत होता. वर खिडक्या बंद, कानांवर हेडफोन. एकदा शर्टाच्या खिशातला फोन वाजला. बराच वेळ वाजला. मास्तर त्याच्याकडे आशाळभूतासारखे बघत राहिले आणि मग तो गप्प झाला.

दोन तासांनी मीटिंग संपेल, असं त्यांनी मनाला समजावलं. दोन तास काय, काढू. पाय गार पाण्यात बरा वाटतो आहे. एवढंच ना, की सून चिडवेल. चिडवू दे बिचारीला, तिचा हक्क आहे.

तेवढ्यात घराचं मागचं दार करकरलं.

आधी त्यांना बरं वाटलं. मग पावलं ऐकू आली. छोटी, भरभर. डबा अडकवलेलं फाटक उघडंच होतं. आणि खोल टोकाच्या काठावर, नेहमीच्याच जागी, भिंगरी येऊन उभी राहिली. केस विस्कटलेले, एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा. तिने खाली पाहिलं. आजोबा तलावात. आजोबांच्या अंगाभोवती पाणी. झोपेने जड झालेला तिचा चेहरा एकदम उजळला.

"आजोबा, उडी!"

सात फुटांवरून, वीतभर पाण्याखालच्या फरशीवर. ते बसल्या जागेवरून झेलू शकणार नव्हते. भिंत त्यांच्यापासून तीन हातांवर होती आणि तिथवर जायला पाय नव्हता.

त्यांनी झटकन हात वर केले, थांब म्हणायला. आणि तिने टाळी वाजवली. हात वर म्हणजे झेलायला तयार, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. त्यांनी हात खाली घेतले, पाठीमागे लपवले.

"हात कर ना आजोबा!"

"भिंगरी, ऐक. मागे जा. मागे जा बाळा."

ती खिदळली आणि दोन पावलं मागे गेली. मग लगेच दोन पावलं पुढे आली. पायाची बोटं काठाबाहेर आली.

"नको, उडी मारू नको! आजोबाला लागलंय. मला भीती वाटतेय गं, खरंच भीती वाटतेय."

यावर ती पोट धरून हसली. आजोबा आज किती छान सोंग करताहेत! हसता हसता तिचा तोल गेल्यासारखा झाला. ती सावरली.

आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांना कळलं की आपण एका खड्ड्यात बसलो आहोत आणि तो खड्डा नुसता फरशीचा नाही. थांब, मागे जा, नको, भीती वाटते, पोराला काठावरून हटवायला माणसाकडे जेवढे शब्द असतात तेवढे सगळे त्यांनी रोज संध्याकाळी थोडे थोडे करून खर्चून टाकले होते. एकही शिल्लक नव्हता. स्वतःचीच जीभ त्यांना उपटून टाकावीशी वाटली.

"आईला बोलव. जा, पळ, आईला सांग, आजोबा पडले."

"आई काम करते," भिंगरी बोट ओठांवर ठेवून म्हणाली. "ओरडायचं नाही." हेही शहाण्या पोरीला घरात शिकवलेलं होतं. आणि मग तिने गुडघे वाकवले, जसे त्यांनीच वाकवायला शिकवले होते, आणि म्हणाली, "एक."

मास्तर नातीला कधी आवाज चढवून बोलले नव्हते. इतरांच्या पोरांनाही नाही; त्यांची ती ख्याती होती. रागावलेले मास्तर कसे दिसतात हे या जगात कोणालाच माहीत नव्हतं, आणि एवढी एकच गोष्ट खेळात कधी आलेली नव्हती. हे त्यांना विचार करून सुचलं असं नाही. हाताला तळातला चिखल लागला आणि तो त्यांनी मूठभर उचलला.

"दोन," भिंगरी म्हणाली.

मास्तरांनी चिखल फेकून मारला. तो नेमका तिच्या छातीवर आणि गालावर बसला. आणि त्याच्यामागून त्यांनी असा आवाज काढला, की तो आपल्या घशातून आला यावर त्यांचाच विश्वास बसेना.

"चालती हो! चालती हो इथून!"

ती थिजली. गालावरून हिरवं पाणी ओघळत होतं. ती हसायला बघत होती, ओठ एका बाजूला वर गेला होता, हा खेळातला नवा भाग असेल म्हणून वाट बघत होती. मास्तरांना ते दिसलं. पण तिचे पाय अजून काठावरच होते. त्यांनी दुसरी मूठ उचलली, डोळे वटारले, दात विचकले.

"मला तू नकोस! तू मला आवडत नाहीस! जा!"

तिचा चेहरा कोसळला. ती एक पाऊल मागे सरकली, मग दुसरं. मग पाठ फिरवली आणि भोकाड पसरून पळाली. मोजा घातलेला पाय फरशीवर सरकला, ती आपटली, उठली, पुन्हा पळाली. काठावर आता कोणी नव्हतं. नुसतं आभाळ.

मास्तर कान देऊन बसले. रडणं घरात शिरलं. मग जिन्यावर गेलं. पोर पुन्हा येऊ नये, पोर पुन्हा येऊ नये, असं ते तोंडातल्या तोंडात म्हणत होते, आणि ती आली तर फेकायला चिखलाची मूठ तशीच धरून होते.

आली ती सून. भिंगरीला काखोटीला मारून, रागाने लाल होऊन. पोराच्या तोंडावरचा चिखल पाहून तिला दुसरं काही दिसतच नव्हतं.

"काय केलंत हो हिला तुम्ही? ही म्हणतेय आजोबांनी मारलं! बाबा, तुम्ही—"

"फाटक लाव," मास्तर म्हणाले. "आधी तिला बाहेर ने आणि फाटक लाव."

तेव्हा तिने खाली नीट पाहिलं. पाय पाहिला, काठ पाहिला, काठावर सांडलेल्या चिखलात उमटलेलं एका छोट्या पावलाचं चिन्ह पाहिलं. तिने डबा लाथेने उडवला, पोर घेऊन बाहेर गेली आणि फाटक धाडकन आपटलं. त्यानंतरच तिने मदतीला फोन लावला.

पायात दोन स्क्रू बसले. मास्तर चौथ्या दिवशी घरी आले आणि खालच्या खोलीत पलंगावर पडून राहिले. मुलगा रजा घेऊन आला. त्याने काही बोलायच्या आतच मास्तर म्हणाले, "तलाव बुजव. दुरुस्ती नको, नवीन फरश्या नकोत. माती टाक." मुलाने वाद घातला नाही. पण मातीचे ट्रक आठ दिवसांनी येणार होते, आणि तोवर तो खड्डा तिथेच होता, फाटकाला दोन कुलपं लावून.

भिंगरी आजोबांच्या खोलीकडे फिरकत नव्हती. दारावरून जायचं झालं तर समोरच्या भिंतीला अंग घासून जायची. जेवताना आजोबांचा खोकला ऐकू आला तरी आईच्या मांडीवर चढायची. घरात हसणं कमी झालं होतं. सुनेला ते बघवेना. एका सकाळी चहा देताना ती म्हणाली, "बाबा, चूक माझीही आहे. मी कानात बोळे घालून बसले होते."

"तुझी नाही. तू कुंपण घातलंस, मी त्यात डबा घातला."

"ते जाऊ द्या. तिला एकदा हाक मारा ना. प्रेमाने मारलीत तर येईल. लहान आहे, विसरेल लगेच."

"तीच तर भीती आहे," मास्तर म्हणाले. "विसरेल. आणि त्या फाटकाशी जाऊन उभी राहील. मी तिला ओळखतो, कुलपातूनसुद्धा वाट काढेल ती. तिला पाण्याचं भय नाही, खोलीचं भय नाही. ते मीच काढून टाकलं, दात काढावा तसं. आज तिला फक्त माझी भीती वाटते आणि माझ्यामुळे त्या तलावाची. वाटू दे. माती पडेपर्यंत वाटू दे."

"आणि नंतर नाहीच आली तुमच्याकडे तर?"

मास्तरांनी चहाचा कप बशीत ठेवला.

"नाही आली तर नाही," ते म्हणाले. "आहे ना ती."

सून गेली. मास्तरांनी पेपर उघडला. थोड्या वेळाने दाराशी हालचाल झाली. पेपराच्या खालच्या कडेतून त्यांना उंबरठा दिसत होता आणि उंबरठ्यावर दोन छोटे पाय. आज दोन्ही उघडे होते. ते पाय बराच वेळ तिथे थांबले. मग एक पाय आत आला. मग दुसरा. मास्तरांच्या डोळ्यांसमोर अक्षरं धूसर झाली. नुसतं "ये" म्हटलं असतं तरी ती पलंगावर चढली असती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि ट्रक यायला अजून तीन दिवस होते. खिडकीतून कुंपणाची जाळी दिसत होती.

त्यांनी पेपर तोंडापुढे घट्ट धरला आणि घसा खाकरून तो भयंकर आवाज काढला.